डीपीखालचा वाघोबा

४ फेब्रुवारी

डीपीचं तेल पुन्हा गेलं. ही तिसरी वेळ.

सकाळी मोटार चालू करायला खाली उतरलो तर लांबूनच वास आला. टाकीच्या खालचा कॉक तोडलेला, जमीन काळी, गवतावरून तेलाचा ओघळ थेट रस्त्यापर्यंत. खांबावरच्या पत्र्यावर 'रोहित्र' असं लिहिलं आहे, पण वाडीत सगळे डीपीच म्हणतात, म्हणून मीही डीपीच लिहितो. तेल नसताना ती चालू राहिली असती तर जळाली असती. नशीब, कालपासून लाईन बंद होती. चोराचंही नशीब म्हणायचं. तिन्ही वेळा लाईन बंद असतानाच त्याचं फावलं.

वायरमन बजरंगभाऊ दुपारी आले. कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"करण, तुमच्या वाडीत राखण करायला कोन न्हाई का रं? सरकारनं डीपी द्यायची आन तुमी ती पुसून खायाची?"

मी म्हटलं, "भाऊ, वाडीतलं कोणी नाही."

"मग फ्यूजच्या पेटीचं दार कुटं गेलं?"

पेटीचं दार अंबूबाईच्या कोंबड्यांच्या खुराड्याला लागलं आहे, हे सगळ्या वाडीला माहीत आहे. अंबूबाईला विचारलं तर ती म्हणते, "सरकारच्या फ्यूजांस्नी काय मुंगूस खातंय व्हय?"

ग्रामपंचायतीनं मला पाणी सोडायचं काम दिलं आहे. विहीर धरणाच्या काठाला, वाडी वर टेकाडावर. मोटार बंद म्हणजे बायांना हंडे घेऊन चढ चढायचा. रूपाला चौथा महिना आहे. गेल्या वर्षीचं चौथ्यातच गेलं. आशाताईंनी बजावून सांगितलंय, वजन उचलायचं नाही. आज तिचे हंडे आईनं आणले. आईचे गुडघे किती दिवस पुरतील?

२१ फेब्रुवारी

डीपी बसली. जुनीच आहे, वरून रंग मारलेला. पण दुपारी मोटार चालू झाली आणि वरच्या टाकीत पाणी पडायला लागलं तेव्हा सगळ्या बाया टाकीशी जमल्या. कोणी काही भरत नव्हतं, नुसत्या आवाज ऐकत होत्या.

बजरंगभाऊ जाताना म्हणाले, "ही शेवटची. परत गेली तर तुमी आन तुमचं नशीब." मग हळूच म्हणाले, "रातचं हितं फिरू नको. चोर लय वाईट आसत्यात." माझी काळजी करणारा तेवढा एकच माणूस आहे.

राखण करायची म्हणून आम्ही पाळ्या लावल्या. चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी ज्याची पाळी होती तो लग्नाला गेला.

२ मार्च

रूपाला सोनोग्राफीसाठी लोणावळ्याला नेलं. बाळ ठीक आहे. डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं, वजन नको, चढउतार नको. रूपानं मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्यांच्या घरी नळ आसंल."

एसटीची वाट बघत बाजाराच्या मागच्या गल्लीत उभा होतो. तिथल्या भिंतीवर ओळीनं देवांच्या फरशा बसवलेल्या. गणपती, साईबाबा, येशू, मक्का, सगळे गुडघ्याएवढ्या उंचीवर. शेजारचा पानवाला म्हणाला, "पहिले इथे उभं राहवत नव्हतं इतका वास. बोर्ड लावला, दंड लिहिला, काही फरक नाही. फरशा लावल्या, दुसऱ्या दिवसापासून बंद."

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच चालू होतं. जो माणूस कोणालाच घाबरत नाही, तो कशाला तरी घाबरत असेलच.

६ मार्च

केलं. पहाटे केलं.

धरणाचं पाणी आता बरंच मागं गेलंय. काठाच्या गाळातून एक गोटा निवडला. पायलीएवढा, गुळगुळीत, वरून जरा निमुळता. डीपीच्या खाली मधोमध ठेवला, तेलात शेंदूर कालवून लावला, दोन फुलं वाहिली. कोणी पाहिलं नाही. हात जोडायचे की नाही हे ठरेना. मी ठेवलेल्याला मीच हात जोडायचे म्हणजे खोटं, आणि नाही जोडले तर भीती. शेवटी जोडले. शर्टाच्या बाहीला शेंदूर लागला होता, तो बादलीत भिजवून ठेवला.

हे देवाच्या नावानं खोटं बोलणं आहे का? आहे. पण रूपासाठी आहे. कोणाचं काही बिघडत नाही.

८ मार्च

फ्यूज गेला म्हणून बजरंगभाऊ आले. गाडीवरून उतरले, दगड बघितला आणि जागच्या जागी थांबले. चपला काढल्या.

"ह्यो कवा आला?"

"काय की भाऊ. दोन दिवस झाले."

"कुनी ठेवला?"

"कोणालाच माहीत नाही."

त्यांनी घाईघाईत फ्यूज बसवला आणि निघून गेले. संध्याकाळी परत आले ते नारळ आणि कोंबडा घेऊनच. वाडीतल्या कोणाच्याही आधी पहिला नारळ त्यांनी फोडला, आणि कितीतरी वेळ पुटपुटत कान धरून उभे होते. इतका श्रद्धाळू माणूस असेल असं वाटलं नव्हतं.

१९ मार्च

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

शिदू आबा खाली आले. आबा वाडीतले सगळ्यांत म्हातारे, वर्षभर अंगणाबाहेर पडत नाहीत. त्यांना दोघांनी धरून आणलं. ते दगडापुढं बसले, हात फिरवला, डोळे मिटून पुन्हा फिरवला, आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

"ह्यो आपला वाघोबा हाय. पान्यात ऱ्हायलेला."

धरण झालं तेव्हा जुनी वाडी बुडाली, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. देव हलवायचा होता. पण भगत म्हणाला आधी कौल घेऊ, आणि कौल लागेपर्यंत पाणी चढलं. आबा तेव्हा पोरगे होते. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी देव बुडताना बघितला. त्यांच्या बापानं त्यांना ओढून काढलं.

"आपल्यास्नी सोधत सोधत वर आला," आबा म्हणाले.

सगळ्या बाया रडत होत्या. आईनं तर लोळण घेतली. मी मागं उभा होतो. माझ्या अंगावर काटा आला होता. मी तो गाळातूनच काढला होता ना? जुनी वाडी तिथंच होती ना? शंभर गोटे पडले होते, त्यांतला हाच का उचलला?

नाही. तो गुळगुळीत होता म्हणून उचलला. मला नीट आठवतं.

६ एप्रिल

तेल जाग्यावर आहे. मोटार रोज चालते. रूपा दारातल्या नळावर पाणी भरते. देवामुळे म्हणा किंवा कशामुळे म्हणा, दोन महिन्यांत असं सुख नव्हतं.

पण एक काळजी. डीपीवर करंजाची मोठी फांदी आली आहे. वळवाच्या वाऱ्याआधी ती तोडायला हवी. मी कोयता घेऊन गेलो तर अंबूबाई आडवी आली.

"देवाच्या झाडाला कोयता लावतो? आंगात मस्ती आली का तुज्या?"

"मावशी, तारेवर पडेल."

"त्याची तार हाय, तो बगंल."

खांबाच्या ताणाच्या तारेला नवसाच्या चिंध्या बांधल्या आहेत. केबलीला टेकून तेलाचा दिवा असतो. पेटीला दार नाहीच, तिथं आता हार लटकतात. मी बजरंगभाऊंना सांगितलं, भाऊ, तुम्ही तोडा, तुमचं ऐकतील. ते म्हणाले, "मी न्हाई बाबा हात लावनार." पेटीत हात घालायची वेळ आली की ते आधी पाया पडतात, आणि शक्यतो येतच नाहीत.

आबा रोज येतात. आता त्यांना धरून आणावं लागत नाही.

२४ एप्रिल

चांगली बातमी. आमच्या भागाला मोठी डीपी मंजूर झाली आहे. धरणाकाठी तंबू वाढले, शनिवार-रविवारी शहरातून माणसं येतात, आहे त्या डीपीवर भार पेलवत नाही. नवीन डीपी जुनीच्या जागेवर बसणार. खाली सिमेंटचा मोठा कट्टा लागेल, म्हणजे वाघोबाला पाच-सात पावलं बाजूला घ्यावं लागेल. एवढंच.

मी वाडीत सांगितलं. लोक आबांकडे बघायला लागले. आबा म्हणाले, "इचारून बगू." कोणाला विचारून, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी सत्यमशेठ आले. खालच्या गावातलं मोठं घर त्यांचं, काठावरचे निम्मे तंबूही त्यांचेच. वाडीत मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. देवाला मोठा हार घातला, आबांच्या पायांना हात लावला.

"आबा, एकदा हललेला देव. परत हलवायचं पाप कुनी करायचं? मी तर न्हाई करू देनार."

आबांनी त्यांचा हात सोडलाच नाही.

मी म्हटलं, "शेठ, पण डीपी बसायला पाहिजे. पाण्याचं—"

"बसंल की रं करण. जागा काय हितंच हाय का? आमच्या शेतात घेऊ. तुमच्या देवाला धक्का नको आन तुमाला तरास नको. हितं मी सोताच्या खर्चानं पत्र्याची शेड मारून देतो."

मोठ्या मनाचा माणूस. स्वतःची जमीन देतो म्हणतो. पण त्यांच्या शेतातून आमच्या मोटारीपर्यंत तार कोण ओढणार, हे विचारायचं राहून गेलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२ मे

शेड झाली. चारही खांब सिमेंटात. आता डीपीखाली शिडी लावायलासुद्धा जागा नाही.

९ मे

वळवाचं वारं आलं. पाऊस चार थेंब, वारं मात्र घर उचलून नेईल असं. करंजाची फांदी तारांवर पडली. आधी निळा उजेड, मग तोफेसारखा आवाज. डीपी जळाली.

देवाला काही झालं नाही. शेडीचा एक पत्रा वाकला.

लोक म्हणतात, हलवायची भाषा केली म्हणून कोप झाला. अंबूबाई माझ्याकडे बघून बोलली. मी म्हटलं, "मावशी, फांदी तोडू दिली असती तर—"

"तूच कोयता घेऊन गेलतास ना? त्याचंच हे."

१४ मे

आज सगळं संपलं.

ऑफिसचे साहेब, बजरंगभाऊ आणि क्रेन आली. क्रेनवर नवीन डीपी, कोरी, राखाडी. साहेब तरुण आहेत, बोलायला चांगले. म्हणाले, आजच्या आज बसवून देतो, फक्त शेड आणि दगड बाजूला घ्या.

बाया येऊन दगडाभोवती बसल्या. आई सगळ्यांत पुढं. रूपाही होती. सातवा संपत आलेला, तशातही उन्हात मांडी घालून बसली होती.

साहेब म्हणाले, "अहो मावशी, पाणी तुम्हालाच पाहिजे ना?"

आई म्हणाली, "आमाला दोनी पायजेल."

"दोन्ही नाही होणार."

"मग आमी वाहून आनू. आदी काय, वाहूनच आनीत हुतो."

तेव्हा माझ्याच्यानं राहवेना. मी मधे जाऊन ओरडलो. सगळं सांगितलं. हा दगड मी ठेवलाय. सहा मार्चला, पहाटे. गाळातून उचलला, शेंदूर मी लावला, चोर येऊ नये म्हणून. हा वाघोबा नाही, कोणी नाही, धोंडा आहे.

बजरंगभाऊंचा चेहरा एकदम लाल झाला. मला वाटलं मारतातच. "भाड्या, तू ठेवला व्हता?" एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवलं. त्यांना एवढा राग का यावा? त्यांचा तर कोंबडा आणि नारळच गेला.

बाकी कोणी हललं नाही. आबा शांतपणे म्हणाले, "तूच ठेवला, व्हय. त्याला काय पाय हायती का, चालत यायाला? कुनाच्या तरी हातानंच येनार ना."

आई म्हणाली, "माज्या पोराच्या हातानं आला." आणि तिनं माझे हात घेऊन स्वतःच्या डोक्याला लावले. सगळ्यांसमोर.

साहेबांनी 'ग्रामस्थांचा विरोध' असं लिहिलं. सत्यमशेठ गाडीतून आलेच होते, त्यांनी क्रेनला स्वतःच्या शेताचा रस्ता दाखवला.

संध्याकाळी रूपाला म्हटलं, "तू तरी माझं ऐकायचं. मी खरं सांगत होतो."

"मला ठावं हाय. तुमचा शर्ट मीच धुतला."

"मग तेव्हापासून तू रोज हात का जोडतेस?"

"समद्या जोडत्यात. मी एकलीच उभी ऱ्हाऊ? आन आवो, आबाचं तोंड बगितलं का तुमी, देव आल्यापून?"

२० मे

तंबूंवर दिव्यांच्या माळा लागल्या आहेत. वाडीतून छान दिसतं. लोक दाखवायला पोरांना घेऊन येतात.

पाणी मी वाहतो. पुरुषानं हंडा घेतला की सगळे हसतात. वाटेवर पोरं म्हणाली, "करनदादा, नथ कुटं इसारला?" हसू देत. पण मी किती आणणार? आई दोन खेपांत बसते. मी शेजारच्या म्हशीला पाणी दाखवायला गेलो तेवढ्यात रूपानं एक हंडा आणला. मी ओरडलो तर म्हणाली, अर्धाच होता.

ग्रामपंचायतीनं कळवलंय, मोटार बंद असल्यानं पुढच्या महिन्यापासून माझं काम नाही.

२५ मे

बजरंगभाऊ वाटेत भेटले. हल्ली माझ्याशी बोलत नाहीत, आज थांबले.

"सायेबांनी निरोप दिलाय. तीस तारखेला जागा बगायला पाठवनार मला. मोकळी आसंल तर बारकी डीपी देतो म्हनला, तुमच्या मोटारीपुरती. नसंल तर इषय संपला."

"भाऊ, मग ती तरी टिकेल ना? चोर—"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग गाडी चालू करून निघून गेले.

२८ मे

पहाटे दगड उचलला आणि धरणात टाकला. काठावरून नाही, छातीभर पाण्यात जाऊन. या वेळी हात जोडले नाहीत. देव नसेल तर शेड म्हणजे नुसते पत्रे. नटांना दोन पाने लावले की सुटतात, खांब पहारीनं निघतील.

रूपाच्या पायांवर सूज आहे. परवा बजरंगभाऊ येतील. जागा मोकळी दिसेल.

२९ मे

मला वाटलं होतं आरडाओरड होईल. शिव्या बसतील, मारतील. तयारी ठेवली होती.

काहीच झालं नाही. आबा सकाळी आले, रिकाम्या जागेकडे बघितलं आणि खाली बसले. कोणाला काही विचारलं नाही. लोक शोधत होते, अंबूबाई चोराला शाप देत होती, आणि आबा नुसते पाण्याकडे बघत बसले होते. दुपारी भाकरी नेली, ती तशीच. संध्याकाळी मी जवळ गेलो.

"आबा, घरी चला."

"दोनदा बुडला रं," ते म्हणाले. "दोनी बारीला मी हितंच हुतो."

उचलून आणलं त्यांना. काही वजनच नाही.

रात्र झाली तरी आबांच्या घरून आवाज नाही. ते पाणीही पीत नाहीत.

३० मे

उजाडायच्या आधी धरणावर गेलो. रूपा मागून आली. परत जा म्हटलं, ऐकलं नाही.

मी जिथं टाकला तिथं बुड्या मारल्या. खाली गाळ, आणि गाळात गोटे. सगळे सारखे. एक वर काढला, दुसरा काढला. शेंदूर कोणावर नाही. मासे खातात की धुऊन जातो, कोणास ठाऊक. मला हुडहुडी भरली होती. रूपा घोटाभर पाण्यात उभी होती. तिनं वाकून, एका हातानं पोट धरून, काठालाच पडलेला एक गोटा पायानं पुढं ढकलला.

"ह्यो घ्या."

"हा तो नाही."

"मला दिसतंय. घ्या."

मी शेंदूर कालवला, तिनं लावला. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला बसतो. मग आबांना आणायला गेलो.

आबांनी हात फिरवला. मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. हा पहिल्यापेक्षा लहान होता, एका बाजूनं चपटा, आंधळ्यालाही कळलं असतं. मला वाटत होतं त्यांनी ओळखावं. मला वाटत होतं त्यांनी ओळखू नये.

"गार पडलाय," आबा म्हणाले. "कुनीतरी घोंगडी आना रं."

घोंगडी आणली. त्यांनी ती देवावर घातली आणि मग पाणी मागितलं.

बजरंगभाऊ आले तेव्हा वाडी आरतीला उभी होती. त्यांनी गाडीवर बसूनच पाहिलं. या वेळी चपला काढल्या नाहीत, हसले. वहीत काहीतरी लिहिलं आणि गेले. मी थांबवलं नाही.

देवाला रोज अंघोळ घालायची, असं लोकांनी ठरवलं आहे, आणि पहिला हंडा त्याचा. पाणी घेऊन आम्ही दोघं चढत होतो. रूपाच्या डोक्यावर भरलेला होता. वाटेतले गोटे पायानं बाजूला सारत मी पुढं चालत होतो.